‘समज द्यावी’ म्हणजे घरी नेमकं काय द्यायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, माफ करा, पण जमलं तर पूर्ण छापा. कापावंच लागलं तर आमच्या घरचा भाग कापा, बाईंच्या वहीचा भाग ठेवा. आणि माझं नाव कृपया छापू नका कारण विषय माझ्या मुलाचा आहे आणि तो याच शहरात शाळेत जातो.

मी नाशिकला सिडकोत राहते, एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मुलगा यंदा पाचवीत गेला. शाळा सुरू होऊन आठ दिवस होत नाहीत तोच डायरीत लाल पेनने पहिला शेरा आला, ‘आपला पाल्य वर्गात शिस्त पाळत नाही. समज द्यावी.’ तो वाचून माझे हातपाय गार पडले, कारण हेच वाक्य, अगदी हेच शब्द, मी त्याच्या पहिली-दुसरीत इतक्यांदा वाचलेत की मला पाठ आहेत आणि मधली दोन वर्षं जे काही चांगलं चाललं होतं ते सगळं पुसून आम्ही परत पहिल्या पानावर आलो असं वाटलं. म्हणून लिहायला बसले.

आधी मुलाबद्दल सांगते. तो मनाने चांगला आहे असं प्रत्येक आई म्हणते म्हणून ते राहू द्या, तो काय करतो ते सांगते. पाच मिनिटं एका जागी बसत नाही. बाकावरून उठतो, खिडकीशी जातो, पुढच्याची बॅग ओढतो, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर ओरडतो, रांगेत मागच्याचा धक्का लागला की वळून मारतो आणि दहा मिनिटांनी त्याच मुलाला आपल्या डब्यातला लाडू देतो. दुसरीत असताना त्याने एका मुलाला पट्टी फेकून मारली, भुवईच्या वर लागली, दोन टाके पडले. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या बाईंनी मला दारातच उभं ठेवलं आणि मला त्यांचा राग आला नाही, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्यासारखे पालक बोलायला लागले की लोकांना वाटतं आता हे मुलाची बाजू घेणार. तसं नाहीये. त्याने मारलं ते मारलंच.

पण मला शाळेकडून काय कळत होतं आणि शाळेला माझ्याकडून काय कळत होतं, ते बघा.

दुसरीच्या जूनपासून दिवाळीपर्यंत डायरीत २७ शेरे होते, मी मोजलेत. बहुतेक सगळे ‘समज द्यावी’वर संपणारे. आता सकाळी दहा वाजता वर्गात काय झालं ते मला माहीत नाही, आधी कोणी काय केलं माहीत नाही, कुठल्या तासाला झालं माहीत नाही, मी संध्याकाळी सहाला घरी येऊन ती एक ओळ वाचते, मुलगा म्हणतो मी काहीच नाही केलं मम्मी, आणि खरं तर त्याला आठवतही नसतं. मग समज म्हणजे घरात जे काही द्यायला असतं तेच दिलं जातं. आमच्या घरात मार दिला गेला. मिस्टर आठ तास मशीनवर उभं राहून आलेले असायचे, शेरा वाचला की हात उठायचा. सासूबाई मध्ये पडायच्या, म्हणायच्या अरे तू पण लहानपणी असाच होतास की, मग त्यावरून दोघांचं भांडण. मी मध्ये पडले नाही कधी कधी. हे लिहिताना लाज वाटतेय पण मलाही तेव्हा वाटायचं की माराने सुधारेल.

त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत गाद्या उन्हात टाकायला काढल्या तर त्याच्या गादीखाली डायरीची पानं निघाली, बारीक घड्या घातलेली, नऊ पानं. फाडून लपवलेली. काही पानांवर लाल शाईवर पेन्सिलीने रेघोट्या मारून शेरा झाकायचा प्रयत्न केला होता. आणि एका पानावर खाली जिथे ‘पालकांची सही’ असं छापलेलं असतं तिथे त्याने स्वतः पेन्सिलीने, दुसरीतल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मम्मी’.

मी ती पानं घेऊन गच्चीवर बसले. नंतर लक्षात आलं की सही झालेली पानं परत येत नाहीत म्हणून शाळेला वाटत होतं पालकांचं मुलाकडे लक्ष नाही, आणि मला वाटत होतं ऑक्टोबरात शेरे कमी झालेत म्हणजे पोरगा सुधारतोय. दोघांच्या मध्ये तो सात वर्षांचा मुलगा, आणि आमची दोघांची पोस्टमनगिरी त्याच्याकडे. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याच दप्तरातून ती तक्रार पाठवायची ही पद्धत कोणी काढली मला माहीत नाही, पण हीच पद्धत अजून चालू आहे.

डायरीशिवाय दुसरी जागा म्हणजे शाळेचं गेट. शाळा सुटायची वेळ, तीस-चाळीस आया, आज्या, रिक्षावाले काका उभे, आणि तिथे वर्गशिक्षिका मुलाचा हात धरून येतात आणि सगळ्यांसमोर म्हणतात, अहो काय करायचं याचं, आज परत मारलं याने. त्या बाई दुष्ट नव्हत्या, त्यांना तेवढा एकच वेळ मिळायचा. पण तो खाली मान घालून उभा, मी खाली मान घालून उभी, आणि बाकीच्या आया आपापल्या मुलांना अलगद बाजूला ओढून घेतायत हे मला दिसायचं. तिसरी जागा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. एकदा फाटलेल्या वहीचा फोटो आला, खाली लिहिलेलं, ‘संबंधित पालकांनी लक्ष द्यावे’. नाव नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं संबंधित म्हणजे कोण. त्या वर्षी त्याला एकाही वाढदिवसाचं बोलावणं आलं नाही. तो विचारायचा नाही, पण बिल्डिंगमध्ये फुगे दिसले की गप्प व्हायचा.

ती नऊ पानं सापडल्यावर आम्ही बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. एडीएचडी आहे असं त्यांचं मत पडलं. वाचकांपैकी ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी, लक्ष एकाग्र न होणं, अतिचंचलपणा आणि विचार न करता कृती होणं असा हा मेंदूच्या वाढीशी संबंधित प्रकार असतो, लाड केल्याने किंवा मोबाइल दिल्याने होत नाही, साधारण शंभरातल्या पाच मुलांना असतो असं डॉक्टर सांगतात, म्हणजे पन्नासच्या वर्गात दोन-तीन मुलं. आणि हे ठरवताना लक्षणं निदान सहा महिने दिसलेली असावी लागतात आणि एकाच ठिकाणी दिसून चालत नाही, घरी आणि शाळेत अशी दोन्हीकडे दिसावी लागतात. म्हणून डॉक्टरांनी दोन फॉर्म दिले, एक आईवडिलांनी भरायचा आणि एक शिक्षकांनी.

आता माझी चूक सांगते. शिक्षकांचा फॉर्म मी शाळेत दिलाच नाही. तो दोन आठवडे माझ्या पर्समध्ये होता. रोज द्यायचं ठरवायचे आणि रोज परत आणायचे, कारण मुख्याध्यापिका एकदा म्हणाल्या होत्या, ताई तुम्ही दुसरी शाळा बघा, मुलाचंच भलं होईल. मला वाटलं हा कागद दिला की दाखला हातात देतील. शेवटी मी घरी बसून डायरीतले शेरे बघत बघत तो फॉर्म स्वतःच भरला आणि डॉक्टरांना सांगितलं शाळेतून भरून आणलाय. औषध सुरू झालं ते पण शाळेला सांगितलं नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या १६ व्या कलमाप्रमाणे आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईस्तोवर कुठल्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि मी २०२३ मध्ये दाखल्याच्या भीतीने डॉक्टरांशी खोटं बोलत होते. माझ्यासारख्या किती आया असतील.

तिसरीला बाई बदलल्या.

जून २०२४. त्याच वर्षीच्या सुरुवातीला सरकारने सांगितलं होतं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका, मग आमच्या शाळेने जागेच्या अडचणीमुळे प्राथमिकचे वर्ग दुपारच्या सत्रात टाकले, बारा ते पाच. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे म्हणून सांगतेय.

पहिल्याच आठवड्यात काउंटरवर असताना फोन वाजला, शाळेचा नंबर. समोर रांग होती. पोटात गोळाच आला, काय केलं असेल, कोणाला लागलं असेल. पलीकडून नवीन बाई म्हणाल्या, “घाबरू नका, काही झालेलं नाही. आज खिचडी वाढताना पहिलीतली एक मुलगी रडत होती, तिला हा हात धरून नळापर्यंत घेऊन गेला, ताट धुऊन दिलं. तुम्हाला सांगावंसं वाटलं. ठेवते.” बस एवढंच. चाळीस सेकंदही नसतील. दोन वर्षांत शाळेचा मला आलेला पहिला फोन ज्यात तक्रार नव्हती. मी समोरच्या आजोबांच्या नोटा दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा चुकले.

चार दिवसांनी बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर अकरा वाजता बोलावलं. रिकाम्या वर्गात, मुलांच्या बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो, मुलाला त्यांनी मैदानात खेळायला पाठवलं होतं. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाल्या, ते राहू द्या ताई, मागच्या वर्षीचं सगळं मला कळलंय, मला एवढंच सांगा, घरी तो शांत कधी असतो? मला हा प्रश्न आजपर्यंत कोणी विचारलाच नव्हता. मी विचार करून सांगितलं, मी कणीक मळत असते तेव्हा त्याला एक गोळा दिला की अर्धा अर्धा तास बसतो. आणि पप्पांनी गाडीचं काही खोललं की पान्हे हातात देत बसतो. बाईंनी ते लिहून घेतलं.

ती वही. साधी शंभर पानी, वर त्याचं नाव. बाईंनी त्यात तीनच गोष्टी लिहायच्या ठरवल्या होत्या, कधी झालं, तेव्हा वर्गात काय चालू होतं, आणि याने काय केलं. चांगलं-वाईट असा शब्द कुठे नाही. एक-दोन नोंदी जशाच्या तशा देते.

‘२ जुलै, तिसरा तास. फळ्यावरचं उतरवून घेणं. चार ओळी लिहिल्या, उठला, शेजारच्याची वही ओढली.’

‘५ जुलै, पावणेतीन. कविता म्हणणे. बसला होता. मोठ्याने म्हटली, पाठ आहे.’

‘८ जुलै, साडेतीन. गणिताची उदाहरणं उतरवणे. पेन्सिलीला टोक करायला तीनदा उठला. चौथ्यांदा थांबवलं तर पेन्सिल फेकली.’

तीन आठवड्यांनी परत बोलावलं आणि वही माझ्यासमोर ठेवली. १४ वेळा काहीतरी झालं होतं. त्यातल्या १० वेळा फळ्यावरचं उतरवून घेणं किंवा खूप लिहिणं चालू होतं. तोंडी कामाच्या वेळी जवळजवळ काहीच नाही. आणि दुपारी अडीचनंतर जास्त. बाई म्हणाल्या, तोंडी विचारलं की सगळं येतं, लिहायला सांगितलं की पळतो, मला वाटतं याला लिहिणंच जड जातंय, आणि दुपारी याला काय होतं ते तुम्ही सांगा.

तेव्हा मी पहिल्यांदा शाळेत कोणाला तरी सांगितलं की त्याला औषध चालू आहे. बाईंनी विचारलं किती वाजता देता? मी म्हटलं सकाळी सातला. आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसरीत शाळा सकाळची होती म्हणून डॉक्टरांनी सकाळी द्यायला सांगितलं होतं. तिसरीत शाळा दुपारची झाली आणि मी औषध सातलाच देत राहिले. त्या गोळीचा असर तीन-चार तास असतो, म्हणजे तो आजीजवळ बसून टीव्ही बघत असायचा तेवढ्या वेळात संपून जायचा आणि शाळेत जाताना तो कोरा. शाळेची वेळ बदलली हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, औषध चालू आहे हे मी बाईंना सांगितलं नाही, आणि दोघं आपापल्या जागी विचार करत होते की या मुलाला फरक का पडत नाही. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली. पुढच्या महिन्यातल्या वहीतल्या नोंदी बघितल्या तर दुपारच्या जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. औषधाचा असर ज्या वेळी बघायचा त्या वेळी मूल शाळेत असतं, आईसमोर नसतं. हे इतकं साधं आहे आणि मला इतके महिने कळलं नव्हतं.

लिहिण्याचं बाईंनी स्वतः बघितलं. अर्धं लिहिलेला कागद त्याला द्यायच्या, उरलेलं त्याने भरायचं. फळा पुसायचं काम त्याला, ऑफिसातून खडू आणायचं काम त्याला, म्हणजे उठायचंच आहे तर कामाने उठ. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका शाळेत यायच्या, त्यांना दाखवलं, पुढे तपासणीत लेखनाची अक्षमता निघाली.

इथे एक गोष्ट सांगते जी बऱ्याच पालकांना माहीत नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडी असं वेगळं नाव नाही. म्हणजे ज्या मुलाला फक्त एडीएचडी आहे त्याच्या आईच्या हातात शाळेला दाखवायला दिव्यांगत्वाचा दाखला नसतो, परीक्षेच्या सवलती मागायला कागद नसतो, तिच्याकडे शिक्षकांशी बोलणं एवढंच असतं. ते बोलणंच जर गेटवर दोन मिनिटांत उरकणार असेल तर तिने काय करायचं.

आणि बाईंनी तिसरं काम केलं ते कार्डाचं. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर दोनच गोष्टी, ‘तास संपेपर्यंत जागेवर’ आणि ‘हात वर करून बोलला’. प्रत्येक तासाला टिक नाहीतर मोकळी जागा. मोकळ्या जागेसाठी फुली नाही, लाल पेन नाही. घरी आल्यावर सहा टिक असल्या की पप्पांबरोबर कॅरमचा एक डाव. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले ही मानलेली पद्धत आहे, अशा मुलांसाठी रोजचं रिपोर्ट कार्ड म्हणून वापरतात, फक्त गोष्टी कमी ठेवायच्या आणि बक्षीस त्याच दिवशी द्यायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच सहा टिक झाल्या. मिस्टर सेकंड शिफ्टला होते, तो रात्री पावणेबारापर्यंत जागा राहिला कार्ड हातात घेऊन. त्यांनी हातपाय धुतले आणि बाराला कॅरम मांडला. ज्या दप्तरातून निघालेल्या कागदावर या घरात हात उठायचा त्याच दप्तरातून निघालेल्या कागदावर बापलेक खेळत होते, सासूबाई उठून बाहेर आल्या आणि काही न बोलता बघत बसल्या.

आता शिक्षकांची बाजू, कारण मला ती कळलीय. तिसरीच्या त्या वर्गात ५२ मुलं होती. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, त्या वर्षी तर लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका, बाईंकडे बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम होतं, सुट्टीच्या दिवशी घरोघर फिरायच्या. मी एकदा विचारलं बाकीच्या शिक्षिका अशा फोन का करत नाहीत, तर म्हणाल्या, भीती वाटते हो. एका पालकांना त्यांनी सांगितलं होतं मुलाला एकदा डॉक्टरांना दाखवा, तर ते दुसऱ्या दिवशी चार कार्यकर्ते घेऊन शाळेत आले, आमच्या मुलाला वेडा म्हणता का म्हणून. तेव्हापासून स्टाफरूममध्ये ठरलं, डायरीत लिहायचं, सही घ्यायची, आपल्याकडे पुरावा राहतो. म्हणजे तो लाल शेरा मला लिहिलेलाच नसतो बऱ्याचदा, उद्या काही झालं तर दाखवायला म्हणून लिहिलेला असतो. हे कळल्यावर माझा राग निम्मा गेला, पण अडचण तर तिथेच राहिली ना.

कायद्यात तर हे बोलणं लिहिलेलंच आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकांची जी कर्तव्यं आहेत त्यात पालकांबरोबर नियमित बैठका घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती आणि इतर महत्त्वाची माहिती त्यांना सांगणं हे स्पष्ट आहे. १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे, आणि माझ्या मते गेटवर चाळीस लोकांसमोर मुलाचा पाढा वाचणं हा मानसिक त्रासच आहे. पालक-शिक्षक संघ प्रत्येक शाळेत असतो, पण मी तीन वर्षं बैठकांना गेले, फी, सहल आणि स्नेहसंमेलन सोडून विषय निघाला नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीला येतं, त्यांच्या ३० आजार-अडचणींच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययनातल्या अडचणी दोन्ही आहेत, पुढची तपासणी मोफत होते. पण त्या पथकाला रांगेतून पुढे सरकणाऱ्या मुलाचे दात दिसतील, वजन दिसेल, चंचलपणा दहा मिनिटांत दिसत नाही. तो वर्गशिक्षकांनी आणि घरच्यांनी सांगावा लागतो. दुसरीत ते पथक आलं होतं. तेव्हाच्या बाईंनी सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

चौथीलाही त्याच बाई वर्गाबरोबर वर गेल्या. चौथीच्या वर्षभरात वहीत मारामारीच्या नोंदी तीन. एका वाढदिवसाला गेला, आणि कोणाच्या ते सांगते, ज्याला टाके पडले होते त्याच्या.

आणि आता पाचवी. पाचवीला आमच्या संस्थेत माध्यमिकची बिल्डिंग, नवीन वर्गशिक्षक, विषयाला वेगळे शिक्षक, सहा जण. पहिला शेरा आल्यावर मी ऑफिसात विचारलं की प्राथमिककडून काही माहिती येते का हो मुलांची, तर क्लार्कभाऊंनी प्रगतीपुस्तक काढून दाखवलं. चौथीच्या वर्णनात्मक नोंदीत ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात लिहिलंय, ‘अक्षर सुधारावे’. बस. दोन वर्षांची मेहनत, औषधाची वेळ, अर्धा लिहिलेला कागद, खडू आणायचं काम, कार्ड, कॅरम, यातलं काहीच त्या रकान्यात मावत नाही. बाईंचीही चूक नाही, त्यांना तेवढाच रकाना दिलाय. शंभर मीटरवरच्या दुसऱ्या बिल्डिंगमध्ये ती माहिती पोचली नाही आणि मुलगा परत उभा राहिला वर्गाबाहेर.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते शाळा, शिक्षण विभाग आणि पालक तिघांनाही आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीचे जे दिवस शिक्षक शाळेत असतात त्यातला अर्धा तास जुन्या आणि नवीन वर्गशिक्षकांना एकत्र बसू द्या, प्रत्येक वर्गातली चार-पाच मुलं असतात ज्यांच्याबद्दल बोलावं लागतं, त्यांच्याबद्दल बोलू द्या, आईवडिलांची परवानगी घेऊन. शेरा लिहायचाच असेल तर कधी, काय चालू असताना आणि काय केलं एवढं लिहा, आणि ‘समज द्यावी’ हे दोन शब्द कृपा करून काढून टाका, कारण आम्हाला ते नेमकं काय ते माहीत नाही आणि घराघरात त्याचा एकच अर्थ लागतो. मुलाबद्दलचं बोलणं गेटवर नको, ग्रुपवर तर नकोच. महिन्यातून एक फोन असा करा ज्यात तक्रार नाही. फोनची भीती वाटते त्या शिक्षकांच्या मागे मुख्याध्यापकांनी उभं राहायला हवं, चार माणसं घेऊन येणाऱ्या पालकांशी मुख्याध्यापकांनी बोलायचं, त्या एकट्या बाईंनी नाही.

आणि आपण पालकांनी लपवणं सोडायला हवं. मला माहितीय हे सोपं नाही, मी स्वतः सात-आठ महिने लपवलं. फॉर्म पर्समध्ये ठेवू नका. औषध चालू असेल तर सांगा, वेळ सांगा, घरी भांडण चालू असेल, बाप कामाला बाहेरगावी गेला असेल, आजी वारली असेल, सांगा, सगळं तपशिलात नको पण एवढं सांगा की या आठवड्यात पोरगं बेचैन असेल. आणि दुसऱ्या बाजूचे पालक, ज्यांच्या मुलाला मार बसतो, त्यांनी जरूर तक्रार करावी, पण शाळेत करावी, ग्रुपवर नको. तुमचं मूल घरी येऊन जे नाव सांगतं त्या नावाचं एक आठ-नऊ वर्षांचं मूल असतं.

परवा मी पाचवीच्या वर्गशिक्षकांना भेटले. गेटवर नाही, आधी चिठ्ठी पाठवली होती. तरुण आहेत, नवीनच लागलेत. मी सांगितलं की मुलाला एडीएचडी आहे, औषध चालू आहे, शाळा आता सकाळची झालीय म्हणून वेळ परत बदललीय. ते थोडे गोंधळले, म्हणाले मला यातलं फार माहीत नाही मॅडम. मी म्हटलं सर, मलाही नव्हतं. त्यांनी या शनिवारी अकरा वाजता अर्धा तास दिलाय, चौथीच्या बाईंनाही विचारलं, त्या येते म्हणाल्यात. बाईंच्या वहीची मी झेरॉक्स काढून घेतलीय, ४२ पानं झाली. मूळ वही बाईंना परत द्यायचीय, त्यांनी मागितलीय.

आपली,
एका मुलाची आई
सिडको, नाशिक